दुखणे थांबले, पण कणा सावरला का?



समजा, तुम्ही नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहता. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तुमचे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. गेले तीन महिने त्यांच्या कमरेतून निघणारी कळ डाव्या मांडीच्या मागून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. औषधे झाली, व्यायाम झाले, तरी कळ हटेना. पुढे चालताना पाऊलही लटपटू लागले, तेव्हा डॉक्टरांनी मणक्याची एक छोटी शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडले.

आता घरी भेटायला माणसे येऊ लागतात. गावाहून आलेले काका सांगतात, “महिनाभर अंथरुणातून हलायचं नाही.” शेजारच्या आजी म्हणतात, “तेल लावून पाठ चांगली चोळा, मोकळी होईल.” आणि बाबा स्वतः म्हणतात, “मला आता काहीच दुखत नाही. पुढच्या सोमवारी कामावर जातो.”

या तिघांपैकी कोणाचे बरोबर? खरे सांगायचे तर कोणाचेच नाही! तिघांचाही हेतू चांगला आहे. पण पाठीच्या कण्याच्या आत काय चालले आहे, हे तिघांनाही दिसत नाही. आपण ते पाहू या.

गादी ‘सरकते’ म्हणजे काय?

आपला कणा ३३ मणक्यांचा बनलेला असतो. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके सुटे असतात. त्यांच्या खालचे ५ जुळून त्रिकास्थी बनते, आणि अगदी शेवटचे लहान ४ जुळून माकडहाड बनते. मानेतले पहिले दोन मणके सोडले, तर सुट्या मणक्यांच्या प्रत्येक जोडीमध्ये एकेक लवचिक चकती असते. तिलाच आपण बोलताना ‘गादी’ म्हणतो.

ही चकती दोन भागांची असते. मध्यभागी मऊ, पाणीदार गर असतो आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंची एकात एक बसवलेली कडी असतात. एका कड्यातले तंतू एका बाजूला तिरके, तर पुढच्या कड्यातले दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हे वेष्टन भलतेच मजबूत होते.

मग गादी सरकते कशी? ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाहीच. आई पुरणपोळी लाटताना पाहा. लाटण्याचा जोर एका बाजूला जास्त पडला, की दुसऱ्या बाजूने पारी फाटते आणि पुरण बाहेर डोकावते. आपण पुढे वाकतो तेव्हा चकतीची पुढची बाजू दाबली जाते आणि मागची ताणली जाते. वर्षानुवर्षे असे होऊन मागची कडी झिजली, तर एखाद्या दिवशी गर तिथून बाहेर येतो. नेमक्या त्याच बाजूला पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे असतात. त्यांच्यावर दाब पडला, की बिघाड कमरेत आणि कळ पायात, असा प्रकार होतो. आयुर्वेदात या दुखण्याला ‘गृध्रसी’ असे नाव आहे, तर आजकाल लोक त्याला ‘सायटिका’ म्हणतात.

शस्त्रक्रियेत काय करतात?

कळ पायात असली तरी तिचे मूळ चकतीत असू शकते, हे वैद्यकाला फार उशिरा स्पष्ट झाले. अमेरिकेत बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जातंतूंवर दाबणाऱ्या ज्या गोळ्यांना तोवर गाठी समजले जाई, त्यांतील बऱ्याच गाठी नसून फुटलेल्या चकतीचे तुकडे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. त्या काळी त्यासाठी पाठ बरीच उघडावी लागे. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून अडीच-तीन सेंटिमीटरच्या छेदातून काम होऊ लागले. आपल्याकडेही मणक्यांच्या शस्त्रक्रियांनी मोठी मजल मारली. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव या क्षेत्रात अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘ताठ कणा’ आहे.

या छोट्या शस्त्रक्रियेत डॉक्टर संपूर्ण चकती काढत नाहीत. मज्जातंतूवर दाबणारा गराचा तुकडा तेवढा काढतात. दाब गेला, की पायातली कळ बहुधा लगेच कमी होते. म्हणूनच बाबा म्हणतात, “आता काहीच दुखत नाही.”

पण थांबा! गर ज्या फटीतून बाहेर आला, ती फट अजून तिथेच आहे. सर्वसाधारणपणे तिला टाके घालत नाहीत. ती शरीरानेच हळूहळू भरून काढायची असते.

एक शस्त्रक्रिया, तीन घड्याळे

शस्त्रक्रियेनंतर शरीरात जणू तीन घड्याळे चालू होतात, आणि तिन्हींची गती वेगवेगळी असते.

पहिले घड्याळ त्वचेचे. हे सर्वांत वेगवान. साधारण दहा ते चौदा दिवसांत जखम मिटते आणि टाके काढता येतात. तरीही मिटलेली त्वचा लगेच पूर्वीइतकी मजबूत नसते. तीन आठवड्यांनी तिची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे पाव भाग असते, तर तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या जवळपास पोचते.

दुसरे घड्याळ मज्जातंतूचे. कळ आधी जाते, पण पायातला बधिरपणा आणि मुंग्या काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतात. मज्जातंतूचा तुटलेला धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर एक मीटर धरले, तर किती दिवस लागतील? तब्बल एक हजार! सुदैवाने बहुतेक रुग्णांत मज्जातंतू तुटलेला नसतो, फक्त दबलेला असतो. म्हणून तो पुष्कळ लवकर सावरतो. पण अंगठा अजून बधिर आहे म्हणून शस्त्रक्रिया फसली, असे समजून घाबरायचे कारण नाही.

तिसरे घड्याळ चकतीचे, आणि ते सर्वांत मंद. त्याचे कारण असे, की मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. त्वचा कापली, की रक्त तिथे दुरुस्तीचे सारे सामान घेऊन धावते. चकतीला मात्र अन्न आणि प्राणवायू शेजारच्या मणक्यांमधून झिरपत झिरपत मिळतो. म्हणून तिची फट भरायला महिने लागतात.

खरा धोका इथेच आहे. पहिले घड्याळ ‘झाले’ म्हणते, कळ गेलेली असते, आणि तिसरे घड्याळ अजून टिकटिक करीत असते. त्या काळात जोराचा दाब पडला, तर उरलेला गर त्याच फटीतून पुन्हा बाहेर येऊ शकतो. शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांना असा त्रास पुन्हा होतो. म्हणून ‘दुखत नाही’ याचा अर्थ ‘बरे झाले’ असा लावायचा नाही.

बादलीचे गणित

“पोते नाही उचलत, पण न्हाणीघरातली बादली उचलायला काय हरकत आहे?” असे बाबा विचारतील. तुम्ही तरफेचा नियम शिकला आहात. त्याचा उपयोग करून उत्तर द्या.

बादलीत १५ लिटर पाणी आहे, म्हणजे सुमारे १५ किलोग्रॅम वजन. बाबा कमरेत वाकून ती उचलतात. कमरेची चकती हा तरफेचा टेकू. बादली टेकूपासून ४० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. कमरेवरच्या शरीराचे वजन ३६ किलोग्रॅम धरले आणि वाकल्यावर त्याचा मध्य टेकूच्या २५ सेंटिमीटर पुढे आला, असे मानू. आता मागून हा सारा भार तोलून धरणारे पाठीचे स्नायू टेकूपासून किती दूर आहेत? अवघे ५ सेंटिमीटर!

बादलीसाठी १५ × ४० = ६००, शरीरासाठी ३६ × २५ = ९००. एकूण १५००. याला ५ ने भागले, की ३००. म्हणजे १५ किलोग्रॅमची बादली उचलताना स्नायूंना ३०० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने ओढावे लागते, आणि ते सारे बल चकतीला दाबते.

तीच बादली गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, अंगाजवळ म्हणजे २० सेंटिमीटरवर धरली तर? शरीर टेकूच्या जवळजवळ वर येते. मग स्नायूंचे बल १५ × २० ÷ ५ = ६० इतकेच. त्यात शरीराचे आणि बादलीचे सरळ खाली येणारे वजन मिळवले, तरी बेरीज ११० किलोग्रॅमच्या आसपास राहते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवला आणि दिवसभरातल्या हालचालींत दाब मोजला. १९९९ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. पाठीवर झोपलेले असताना दाब ०.१ मेगापास्कल होता, तर उभे असताना ०.५. मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेच्या दाबाच्या हा दुपटीहून अधिक आहे! २० किलोग्रॅमचे ओझे पाठ वाकवून उचलताना दाब २.३ मेगापास्कलवर गेला. गुडघे वाकवून उचलले तेव्हा तो १.७ होता, आणि तेच ओझे अंगाशी धरले तेव्हा १.१.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी डॉक्टर तीन गोष्टी बजावतात: कमरेत वाकू नका, जड उचलू नका, पिळा देऊन वळू नका. दुधाची पिशवी चालेल, पण तांदळाची पाच किलोंची पिशवी नको. बादली तर तुम्हीच उचला.

मग पडूनच का राहू नये?

झोपल्यावर दाब सर्वांत कमी, तर मग काकांचा सल्ला बरोबर ठरतो, असे तुम्ही म्हणाल. पण शरीर म्हणजे काही कपाटात जपून ठेवायची काचेची बरणी नव्हे. पूर्ण पडून राहिले, तर स्नायूंची ताकद दिवसाला सुमारे एक टक्का या गतीने घटते. कण्याला आधार देणारे स्नायूच दुबळे झाले, की भार कोण सोसणार? शिवाय पोटऱ्यांतले रक्त साचून त्याच्या गुठळ्या होण्याची भीती असते. बद्धकोष्ठ होते, आणि मग कुंथताना दाब वाढतो तो वेगळाच.

अमेरिकेत १९८६ मध्ये कंबरदुखीच्या २०३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती. काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितले, काहींना सात दिवस. पुढे दोन्ही गटांची प्रकृती सारखीच सुधारली, पण दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. अशा अभ्यासांनंतर सक्तीच्या विश्रांतीवरचा विश्वास ओसरत गेला. आज या छोट्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करून चालवतात.

शरीराला हालचालींतून पुन्हा सक्षम करण्याच्या शास्त्राला भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतात. भारतात या शास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाली. पाठोपाठ १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली.

घरातला दिवस

आता तुमच्या घरात काय करता येईल ते पाहू. डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले असेल, तर अर्थात तेच ऐकायचे.

झोपायला खाट बरी. जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना वाकावे लागते. उठताना सरळ उठून बसायचे नाही. आधी खांदे आणि कंबर एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखे वळवून कुशीवर यायचे. मग पाय खाटेखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत बसते व्हायचे.

मांडी घालून पाटावर जेवणे काही आठवडे बंद. ताठ पाठीची खुर्ची घ्यावी आणि वीस-तीस मिनिटांनी उठून चार पावले टाकावीत. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल, तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणावी. भरपूर पाणी, भाज्या आणि फळे असावीत, म्हणजे कुंथावे लागत नाही. विडी आणि तंबाखू बंद. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि मग आधीच उपाशी असलेल्या चकतीला आणखी कमी मिळते.

चालणे हे सर्वांत चांगले औषध. पहिल्या दिवसांत घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. जिना वर्ज्य नाही, पण कठडा धरून सावकाश, आणि दिवसातून एक-दोनदाच. तीन मजल्यांच्या पन्नासएक पायऱ्या असतात. मधल्या मजल्यावर एक स्टूल ठेवायला शेजारी नक्की परवानगी देतील! पुढे कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानासारख्या सपाट जागी चालणे हळूहळू वाढवावे. हे उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे राहिले आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? स्कूटरवर मागे बसून खड्ड्यांतून जाणे मात्र काही आठवडे नको.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पाठ दुखली की वडील पालथे झोपतात आणि लहान मुलाला पाठीवर पाय द्यायला सांगतात, असे पुष्कळ घरांत चालते. शस्त्रक्रियेनंतर हे अजिबात करायचे नाही. आजींना तेलाच्या मालिशीलाही आदराने नाही म्हणायचे. ताज्या जखमेवर तेल आणि रगडणे, दोन्ही वाईट.

केव्हा थांबायचे नाही?

काही खुणा दिसल्या, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठले पाहिजे. जखम लाल होऊन सुजणे, तिच्यातून पू किंवा पाण्यासारखा द्राव येणे, ताप भरणे, उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच थांबणारी डोकेदुखी, पायातली ताकद नव्याने कमी होणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, या त्या खुणा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला व बसायचा भाग बधिर झाला, किंवा एकाएकी धाप लागली, तर तासभरही दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बाबा संकोचाने बोलणार नाहीत, म्हणून या गोष्टी घरातल्या एकाने तरी विचारत राहायला हव्यात.

पुन्हा पोते उचलता येईल का?

हा प्रश्न बाबांच्या मनात सर्वांत मोठा असतो, कारण घर त्यावर चालते. बसून काम करणारे लोक बहुधा दोन ते सहा आठवड्यांत कामावर जाऊ शकतात. जड अंगमेहनतीच्या कामाला मात्र साधारण तीन महिने, कधी अधिक, थांबावे लागते. तेही एकदम पोत्यापासून नाही. आधी हलकी कामे, मग भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोडे थोडे वजन. काहींना कामाचा प्रकारच बदलावा लागतो.

डोक्यावरचा भार कण्यावर सरळ खाली येतो. घात होतो तो बहुधा पोते उचलताना आणि उतरवताना, वाकून पिळा देण्याच्या त्या क्षणी. म्हणून पोते दोघांनी उचलून देणे, ते कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवणे आणि त्याचे वजन कमी असणे, हे सारे कण्याचे रक्षण करते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायचे ओझे ५५ किलोग्रॅमहून अधिक नसावे. आपल्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पोत्याचे वजन हा शरीरविज्ञानाचाही प्रश्न आहे, हे आता तुमच्या लक्षात आलेच असेल.

करून पाहा

सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि कोणाकडून तरी डोक्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी तशीच दुसरी खूण करा. रात्रीची खूण बहुधा एखाद्या सेंटिमीटरने खाली आलेली दिसेल. दिवसभराच्या भाराने २३ चकत्यांतले थोडे थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री ते परत शोषले जाते. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या चकतीतला दाबही सात तासांच्या झोपेत ०.१ वरून ०.२४ मेगापास्कलपर्यंत वाढला होता, तो याच कारणाने.

त्या दोन खुणा बाबांना दाखवा आणि चकतीला रोज रात्री किती काम असते ते समजावून सांगा. मग पुढच्या सोमवारी कामावर जाण्याचा हट्ट ते कदाचित सोडतील. आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, उद्यानात एक फेरी मारायला विसरू नका.